भुयारांच्या रूपरावाला कोण पोसणार?

रूपराव भुयार अमेरिकेत आला तर तो कोणाच्या जिवावर जगेल, हे तिथल्या सरकारला १९७८ साली लेखी हवं होतं. प्रश्न सरळ होता. पण धामणझरीत तो कोणी कधी विचारलाच नव्हता. रूपराव तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि एकतीस वर्षं वडिलांच्या जिवावर जगत होता. आमच्याकडे त्याला 'घरची शेती पाहतो' असं म्हणतात.

मी अर्जनवीस. कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली माझं टेबल, एक बाकडं आणि दोन टाइपरायटर, एक इंग्रजी आणि एक 'र' अडकणारा मराठी. कचेरी कुठली ते सांगत नाही, कारण तिथली काही माणसं अजून पेन्शन घेतात. लोक मला अण्णाजी म्हणतात. वीस वर्षं मी मुख्यतः एकच काम केलं, लोकांचं उत्पन्न कमी करण्याचं. पोराची फी माफ करायची असो, विहिरीला सरकारी मदत घ्यायची असो की इंजिनावर सूट, माणूस माझ्या बाकड्यावर येऊन बसायचा आणि मी त्याला गरीब करून द्यायचो. मराठीत दीड रुपया, इंग्रजीत तीन. माझ्या हातून गेलेले सगळे कागद कोणी एका बैठकीत वाचले असते, तर तालुक्यात तातडीनं अन्नछत्र उघडावं लागलं असतं.

रूपरावाचे वडील बापूजी भुयार माझं जुनं गिऱ्हाईक. बत्तीस एकर जमीन, त्यातली सहा एकर संत्र्याची बाग, दोन विहिरी आणि मेहुण्याच्या नावावर घेतलेला एक ट्रॅक्टर. कागदावर वार्षिक उत्पन्न अकराशे चाळीस रुपये. हा आकडा मी आणि महादेवराव पटवाऱ्यानं मिळून १९६५ साली काढला होता आणि बापूजींनी तो पुढं तेरा वर्षं जपला. बागेला बहर येवो, भाव चढो, आकडा हलला नाही. एखाद्यानं नावापुढं पदवी लावावी तसं ते कचेरीत सांगत, "बापूजी भुयार, धामनझरी, अकराशे चाळीस."

रूपराव हा त्यांचा थोरला मुलगा. वर्ध्याच्या कॉलेजात तो तीन खेपा देऊन बी. ए. झाला आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून घरी आला. नोकरी लागली नाही, कारण नोकरीसाठी कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं आणि भुयारांचा मुलगा दारात उभा राहत नाही, असं बापूजींचं म्हणणं. त्यामुळं तो मोटर बिघडली की मोटर खोलायचा, संत्र्याच्या पेट्यांत गवत भरायचा आणि टेरिलीनची पँट घालून आर्वीच्या बाजारात पेट्या उतरवायला जायचा. १९७१ मध्ये आई वच्छलाबाईंच्या एका अंगावरून वारं गेलं. दोन बहिणी सासरी, धाकटा भाऊ शाळेत. मग दोन वर्षं रूपरावानंच आईला भरवलं, तिची वेणी घातली, चूल पेटवली, भाकरी थापल्या. आई पुढं काठी टेकत हिंडू लागली. गावात या दोन वर्षांविषयी कोणी बोलत नसे. घरावर काही लाजिरवाणं येऊन गेल्यासारखं बापूजीही त्यावर गप्प राहत.

त्याच सुमारास, १९७२ मध्ये, त्याला धुरपताचं स्थळ आलं होतं. धुरपता म्हणजे शेजारच्या गावच्या नत्थूजी खोंडेंची मुलगी. नत्थूजींची पाच एकर कोरडवाहू. मुलीनं नागपूरला नर्सिंग केलं आणि पुलगावच्या बाजूला एका दवाखान्यात लागली. रंग सावळा, उंची बापापेक्षा जास्त, बोलणं थोडं. नत्थूजी फोटो घेऊन आले. बापूजींनी फोटो पाहिला, पानाचा डबा पुढं सरकवला आणि सांगितलं, "पोट्टी चांगली हाय. पन रातपाळी करनारी सून आमच्या घरात जमत नाई."

रूपराव तिथंच बसला होता. आठ दिवसांनी तो अकरा मैल सायकल मारत खोंडेंच्या घरी गेला. धुरपता सुट्टीवर आलेली होती. त्यानं खिशातून पाकीट काढलं.

"तुमचा फोटो. आमच्या घरी राह्यला असता तं कोनाच्याबी हाती लागला असता."

तिनं चहा दिला आणि विचारलं, "मी पसंत नव्हती का तुमाले?"

"मले कोनी इचारलंच नाई."

"मंग तुमी काऊन नाई सांगितलं?"

चहा संपवून तो उठला, मोरीवर जाऊन कपबशी धुतली, पालथी घातली आणि सायकलवर बसून निघून आला. हे मला पुढं धुरपतानंच सांगितलं.

१९७४ मध्ये धुरपता अमेरिकेला गेली. शिकागोच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली आणि तिथं कायम राहण्याचं कार्डही मिळालं. १९७७ च्या उन्हाळ्यात पाच आठवड्यांची सुट्टी घेऊन ती आली, तेव्हा नत्थूजींच्या अंगणात जीपगाड्या उभ्या राहू लागल्या. तीन इंजिनियर, एक प्राध्यापक, दोन वकील. तिचा रंग तीन वर्षांत कोणाला दिसेनासा झाला होता आणि उंची 'भारदस्त' झाली होती. बापूजीही माझ्याकडं आले.

"अण्णाजी, एक चिठ्ठी लिहा नत्थूजीले."

"पन बापूजी, थे रातपाळी?"

"रातपाळी म्हंजे सेवाच होय ना बाप्पा! देवाचं काम. देव का दिवस पाह्यते?"

मी चिठ्ठी लिहिली. दीड रुपया घेतला.

धुरपतानं सगळ्यांमधून रूपरावालाच निवडलं तेव्हा नत्थूजी चक्रावले. बी. ए., तेही तिसऱ्या खेपेला! तिनं बापाला सांगितलं, "बाबा, बाकी सगळ्यायनं पगार इचारला. यायनं इचारलं, तिथं थंडी किती पडते अन् तू एकटी कशी राह्यते."

लग्न झालं. बारा दिवस ती धामणझरीत राहिली आणि परत गेली. जाऊन तिनं नवऱ्याला बोलावून घेण्याचा अर्ज केला. बरोबर एक वर्षानं एक जाड पाकीट आलं. मला वाचायला बोलावलं.

बापूजी घरापुढच्या छपरीत तक्क्याला टेकून बसले होते. शेजारी पुंडलिकराव सरपंच. अमेरिकेचं पाकीट गावात पहिलंच, म्हणून तेही आलेले. रूपराव खांबाशी उभा. दाराच्या आड वच्छलाबाई काठी घेऊन. मी वाचून मराठीत सांगू लागलो. एक पत्र दवाखान्याचं होतं, त्यात तिचा पगार. एक बँकेचं. आणि तिसरा कागद शपथेचा. तो मी जसाच्या तसा सांगितला, ही माझी चूक.

"मी, धुरपता रूपराव भुयार, शपथेवर लिहून देते की माझा नवरा या देशात आल्यावर त्याला मी पोशीन. त्याच्या खाण्यापिण्याचा, कपड्यालत्त्याचा आणि राहण्याचा भार मी उचलीन. तो सरकारवर ओझं होणार नाही..."

"थांबा," बापूजी म्हणाले. "कोन कोनाले पोसन?"

"सूनबाई. रूपरावाले."

पुंडलिकराव सरपंच खोकले. खोकल्यात काय होतं ते सगळ्यांना समजलं.

"आमच्या पोराले बाई पोसन?" बापूजींचा आवाज चढला. "अन् थे शपथेवर? भुयाराचा पोट्टा ओझं? अथी बत्तीस एकर कायले हाय मंग?"

रूपराव म्हणाला, "बाबूजी, थ्या सरकारचा कायदाच तसा हाय. जो बोलावते त्याचीच कमाई पाह्यतात."

"मंग आपून आपली कमाई दाखवू. सरकारले काय, दाखल्याशी मतलब." त्यांनी तिन्ही कागद माझ्या हातातून घेतले, खोलीतल्या लोखंडी पेटीत टाकले आणि कुलूप लावून किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. "अण्णाजी, लिहा दाखला. भुयार काय हाय थे समजू द्या अमेरिकेले."

वीस वर्षांत प्रथमच मला कोणाचं उत्पन्न वाढवायला सांगितलं होतं. हात सरावलेला नव्हता. मी आणि बापूजी महादेवराव पटवाऱ्याकडं गेलो. ते अंगणात खाट टाकून खातेवह्या वाळवत होते.

"किती पायजे?" महादेवरावांनी विचारलं.

"साठाच्या वर जाऊ द्या," बापूजी म्हणाले. "साठ हजार."

महादेवरावांनी चष्मा काढला. "बापूजी, आत्ता जूनमंदी तुमच्या धाकट्याच्या फीसाठी मी अकराशे चाळीस लिहून देल्लं. दोन महिन्यात साठ हजार? कोनी इचारलं तं मी काय सांगू?"

"सांगा बाग फुटली."

"एवढी?"

"तुमी काय बागीत जाऊन मोजून राह्यले?"

हे मात्र खरं होतं. महादेवराव बागेत कधी गेलेले नव्हते. तेरा वर्षं त्यांनी अकराशे चाळीसही खाटेवर बसूनच काढले होते. शेवटी बासष्ट हजारांवर तोडगा निघाला, कारण वरचे दोन हजार असले की आकडा मोजून काढल्यासारखा वाटतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी रजिस्टरात नोंद केली, शिक्का मारला. सरपंचांनी वेगळं पत्र दिलं, की भुयार घराणं खानदानी असून त्यांच्या दारात चार बैल कायम उभे असतात. ट्रॅक्टरपुढं उभं करून बापूजींचा फोटो काढला. मेहुण्याला तेवढ्यापुरतं बाजूला व्हायला सांगितलं.

आम्ही तिघं पुलगावहून गाडीत बसलो आणि मुंबईला पोचलो. वकिलातीच्या दारावरच्या माणसानं बापूजींना आणि मला रस्त्यापलीकडं थांबवलं. रूपराव एकटा आत गेला. बापूजी झाडाखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण कोण ते सांगत होते. दोन तासांनी रूपराव बाहेर आला. आत काय झालं ते त्यानं परतीच्या गाडीत मला सांगितलं, बापूजी वरच्या बाकावर घोरत असताना.

खिडकीपलीकडं एक गोरी बाई होती. शेजारी दुभाषा, पुण्याकडचा. बाईनं विचारलं, पत्नीचे कागद कुठं आहेत? रूपरावानं बासष्ट हजारांचा दाखला पुढं केला. दुभाष्यानं वाचून सांगितला.

"हे तुमच्या वडिलांचं उत्पन्न झालं," दुभाषा म्हणाला. "मॅडम विचारतात, वडील बरोबर येणार आहेत का?"

"नाई."

"मग बाग?"

बाईनं बाकीची फाइल मागितली. रूपरावानं घरून निघताना सगळे दाखले एका दोरीत बांधून आणले होते, शाळा सोडल्याचा, देवी टोचल्याचा, बी. ए. चा. त्यात कॉलेजच्या फी-माफीचा जुना कागदही होता, खाली माझंच टायपिंग, अडकलेल्या 'र'सकट. दुभाष्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर अकराशे चाळीस. एकावर बासष्ट हजार.

"मॅडम विचारतात, यातलं खरं कोणतं?"

रूपराव मला म्हणाला, "अण्णाजी, मले वाटलं, एक खरं म्हनावं तं दुसऱ्यापायी बाबूजी खोटे पडतात. दुसरं म्हनावं तं पह्यल्यापायी. मंग मी सांगून टाकलं, दोन्ही खरे नाईत. खरा आकडा आमच्याकडं कोनी कधी लिहूनच देल्ला नाई."

दुभाष्यानं हे इंग्रजीत सांगायला बराच वेळ घेतला. बाईनं दोन्ही कागद परत सरकवले. आम्हाला वडिलांचं उत्पन्न नको, पत्नीचे कागद घेऊन या, एवढंच सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं.

बासष्ट हजार अमेरिकेत चालले नाहीत. पण धामणझरीत ते चांगलेच चालले. पटवाऱ्याच्या रजिस्टरातून आकडा कचेरीत गेला आणि धाकट्याची फी-माफी बंद झाली. नव्या विहिरीची मदत नामंजूर होऊन आली, शेरा 'अर्जदार संपन्न'. हनुमान मंदिराच्या सभामंडपाच्या वर्गणीत पुंडलिकराव सरपंचांनी बापूजींचं नाव पहिलं घातलं आणि आकडा विचारायलाही आले नाहीत. तीन नातेवाईक उसने मागायला येऊन गेले. बापूजी सगळ्यांना सांगू लागले की तो दाखला फक्त परदेशासाठी होता. पण गावानं तेरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या एखाद्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता.

ते महादेवरावांकडं गेले. "पुन्हा अकराशे चाळीस करून द्या."

"आता लगेच कसं करू? एखादी गारपीट होऊ द्या बापूजी. मंग पाहू."

इकडं रूपरावानं पेटीतले कागद मागितले. बापूजींनी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा मागितले, तेव्हा मी छपरीतच होतो. बापूजी म्हणाले, "बायकोच्या जिवावर जगाचं असन तं खुशाल जाय. पन थो कागद माह्या घरातून जानार नाई. लोक काय म्हनतीन?"

दाराआडून काठीचा आवाज आला. वच्छलाबाई बाहेर आल्या. आजारानंतर त्यांची जीभ थोडी जड झाली होती, शब्द एकेक करून यायचे.

"तुमी मले पोसलं का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"म्हंजे?"

"चाळीस वर्सं झाली. लोक म्हन्तात, बापूजी बायकोले पोसतात. मी चार वाजता उठे. बैलाचं, गड्यायचं, पावन्यायचं केलं. बसून खाल्लं का मी?"

"थे कोन म्हन्ते?"

"मंग तिच्या घरी हा का बसून खाईन? याले का हात नाईत?" आणि मग, थोडं थांबून, "माही वेनी यानं घातली. तुमी नाई घातली."

छपरीत मी परका माणूस. मी उठून निघायला लागलो तर त्यांनी काठी आडवी धरून मला बसवलं. मग नवऱ्याच्या गळ्याकडं हात केला. बापूजींनी किल्ली काढून दिली. दिली म्हणण्यापेक्षा, मान खाली घातली आणि ती निघून आली.

कागद मिळाले, पण ते मी नीट वाचले तेव्हा दुसरीच अडचण दिसली. शपथेच्या कागदात एक रकाना होता, तुमच्या कमाईवर आणखी कोण कोण जगतं? धुरपतानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, वडील नत्थूजी आणि शिकणारे दोन भाऊ. म्हणजे तिची स्वतःची आणि नवऱ्याची धरून पाच माणसं. बरोबर आलेल्या सूचनांच्या कागदावर किती माणसांना किती कमाई हवी ते दिलेलं होतं. पाचांना तिचा पगार थोडक्यानं कमी पडत होता.

यावर तोडगा काढणं हा माझा धंदाच. मी नत्थूजींना बोलावलं. इंग्रजीत कागद टाइप करून ठेवला, की मी नत्थूजी खोंडे माझ्या शेतीवर स्वतः जगतो, मुलीकडून मला काही येत नाही. एक सही झाली की पाचाचे चार.

नत्थूजी पायी आले. धोतर स्वच्छ, डोक्याला पटका. बाकड्यावर बसले. रूपराव शेजारी उभा होता. मी कागदाचा अर्थ सांगितला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला.

"म्हंजे माही पोट्टी मले काईच देत नाई, असं लिहून देऊ?"

"फक्त कागदावर, नत्थूजी."

"अण्णाजी, मी गावात सगळ्यायले सांगत हिंडतो. पारावर सांगतो, बाजारात सांगतो. माही धुरपता मले पोसते. पोट्ट्यायनं नाई केलं थे पोट्टीनं केलं. घरावर टीन तिनं टाकलं. अन् आता सरकारले सांगू का, नाई म्हून?" त्यांचे डोळे भरून आले. तरी त्यांनी हात पुढं केला. "पन तिचा संसार अडत असन तं आना. कुठं करू सही?"

मी पेन दिलं. रूपरावानं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"नका करू, मामाजी."

"अरे, तुमचंच काम अडून राह्यलं..."

"अडू द्या. तिनं खरं लिहिलं हाय. तिचं एक तरी खरं राहू द्या." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "अण्णाजी, टायपिंगचे किती झाले?"

मी पैसे घेतले नाहीत. तेवढं तरी बरं केलं.

रूपरावानं सगळं धुरपताला कळवलं. तिचं उत्तर चार ओळींचं आलं. आठवड्याला एक रातपाळी जास्त धरली आहे, वाढीव पगाराचं पत्र मिळायला पाच महिने लागतील, बाबांना सांगा सही केली नाही ते चांगलं केलं, आणि तुम्ही कोणाकडून तरी स्वेटर विणायला शिकून ठेवा, इथं महाग आहे. रूपराव खरंच विणायला शिकला. शाळेतल्या कमलाबाई मास्तरणीकडं दुपारी जाऊन बसायचा. गावाला पाच महिने बोलायला विषय पुरला.

१९७९ च्या ऑगस्टात तो पुन्हा मुंबईला गेला, या वेळी एकटाच. बाई वेगळी होती, दुभाषा तोच. कागद पाहून झाल्यावर बाईनं विचारलं, "तुमची पत्नी काम करते. तुम्ही तिथं काय करणार?"

बापूजींनी निघताना पढवून पाठवलं होतं, व्यापार म्हणून सांगजो. रूपरावानं सांगितलं, "थे सकाळी कामावरून थकून येते. तेव्हा जेवन तयार पायजे. पह्यलं थे करीन. मंग मोटर-मशीन दुरुस्तीचं काम पाहीन, थे मले येते."

दुभाष्यानं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "हेच सांगू?" "हाव, हेच सांगा," रूपराव म्हणाला. व्हिसा मिळाला.

निरोपाला बापूजी पुलगावला आले नाहीत. बागेत काम आहे म्हणाले. नत्थूजी आले, जावयाच्या हातात संत्र्याची पिशवी देत उभे राहिले. ती संत्री भुयारांच्याच बागेतली होती. बापूजींनी पाठवली, पण सांगू नका म्हणाले होते, असं नत्थूजींनी लगेच सांगून टाकलं.

शिकागोत रूपराव दीड वर्ष घरीच होता. स्वयंपाक केला, दोन स्वेटर विणले, इंग्रजी सुधारलं. मग एका मोठ्या धोबीखान्यात मशीन दुरुस्त करायला लागला आणि तिथंच टिकला. १९८१ मध्ये मुलगी झाली. तेव्हा धुरपता सुट्टीनंतर परत कामाला गेली आणि रूपरावानं आपली पाळी बदलून घेतली, पोर एकटी राहू नये म्हणून. पुढं १९८४ मध्ये तिघंही आले होते. बापूजींनी नातीला खांद्यावर घेऊन बाग दाखवली आणि तिनं एक शब्द मराठी बोलला की पारावर जाऊन सांगितलं. सुनेच्या पगाराविषयी मात्र ते कधी बोलले नाहीत. विचारलंच कोणी तर म्हणत, "दोघंबी कमावतात," आणि 'दोघंबी'वर जोर देत.

त्यांच्या बासष्ट हजारांना उतरायला तीन वर्षं लागली. गारपीट एकदाच झाली, तीही शेजारच्या शिवारात.

आता त्या घरची पत्रं मीच लिहितो. परवा वच्छलाबाई एकट्याच एसटीनं आल्या, काठी टेकत टेबलाशी उभ्या राहिल्या. बाकड्यावर बसायला नको म्हणाल्या, उठताना त्रास होतो. मी कागद घातला.

"लिहा," त्या म्हणाल्या, "रूपा, ज्वारीचं पीठ तिथं भेटत नाई म्हन्तो, तं गव्हाच्या पिठात मक्याचं घालून पाहजो. अन् सूनबाईले म्हना, रातपाळी आता कमी कर. तिच्या बापाले, भावायले, सगळ्यायले झालं. तिचं कोनी पाह्यते का नाई, थे मले लिहून पाठव."

"थे रूपरावाले का सूनबाईले?"

"दोन कागद करा," त्या म्हणाल्या. "तिचा तिच्या नावानं."